मधलं पान

वैशाखात नाशिकच्या द्वारका चौकात स्वेटर घालून उभी राहणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. वरून ऊन ओतलं जातंय, रिक्षावाले गळ्यातल्या रुमालानं मान पुसताहेत, उसाच्या गाड्यावर झुंबड उडालीय, आणि ह्या बाई मोरपंखी रंगाचा, कोपरावर दोनदा रफू केलेला स्वेटर गळ्यापर्यंत बटणं लावून शांतपणे रस्ता ओलांडताहेत. नवखा माणूस थांबून बघायचाच. एकदा सिग्नलला उभ्या असलेल्या एका पेन्शनर मास्तरांनी काळजीनं विचारलं, "बाई, ताप आहे का अंगात?" तर म्हणाल्या, "अंगात नाय गुरुजी, बाहेर हाय. मी त्याच्यातून चालले."

त्या आमच्या अक्का. परदेशातून बोटीनं येणारं क्रीम नाशिकभर वाटायचा त्यांचा धंदा होता. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गल्लीत मागच्या बाजूला त्यांचं गोदाम, आणि गोदामात कोल्डरूम. दिवसातून कितीतरी वेळा त्या जाड दाराच्या आत जायच्या, बाहेर यायच्या. "दर वेळी काढघाल करत बसले तर दिवसभर स्वेटरच घालावा लागंल," त्या म्हणायच्या, "मग धंदा कोण करंल, तू?" हा 'तू' म्हणजे मी. आणि मी धंदा केल्यावर काय होतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. तुम्हालाही कळेलच.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकला क्रीम बोटीनं कशाला आणायचं? रोज पहाटे चहूकडून दुधाचे टँकर शहरात शिरतात, घरोघरी पातेल्यावर बोटभर साय धरते. मीही नोकरीच्या पहिल्याच दिवशी हेच विचारलं होतं, आणि वर हुशारीनं "आपण सायच फेटून विकू" असा सल्लाही दिला होता. अक्कांनी मला घरची साय आणून फेटायला लावली. तासाभरानं माझा हात दुखायला लागला आणि भांड्यात ताक झालं. केकवर ताठ उभं राहणारं, लग्नाच्या हॉलमधल्या उकाड्यातही मान न टाकणारं क्रीम वेगळं असतं. आमच्या गिऱ्हाइकांचा हात त्या फ्रान्सच्या क्रीमवरच बसलेला. दुसरं काही दिलं तर चेहरा असा करायचे की जणू श्राद्धाला बोलावून उपमा वाढला. ते क्रीम न्हावाशेवा बंदरात उतरायचं, आयातदाराच्या भिवंडीच्या गोदामात जायचं, आणि तिथून गार टेम्पोत बसून कसारा घाट चढून आमच्याकडे यायचं. "बोट उशिरा आली," अक्का म्हणायच्या, "की नाशकातले वाढदिवस उशिरा होतात."

अक्का मूळच्या कळवणकडच्या. नवरा टेम्पो चालवायचा. तो गेला आणि टेम्पो मागे राहिला. अक्का त्या टेम्पोतून एका आचाऱ्याची भांडी लग्नाच्या मांडवात पोचवायला लागल्या, आणि भांडी उतरवल्यावर नुसतं बसून काय राहायचं म्हणून पंगतीत वाढायला लागल्या. मीठ, चटणी, भाजी, वरणभात, आणि शेवटी नुकती, म्हणजे आमच्याकडची गोड बुंदी. वर्षानुवर्षं. पुढं असंच एका रिसॉर्टवर लग्नाला गेल्या असताना तिथला शेफ क्रीम संपलं म्हणून डोक्याला हात लावून बसलेला त्यांना दिसला. "कुठं मिळतं ते?" "मुंबईला." "मग रडतो काय, आणते की." एवढ्या तीन वाक्यांत एजन्सीचा जन्म झाला. बोट, बंदर, आयात वगैरे शब्द त्या नंतर शिकल्या. पण वाढपीपण काही गेलं नाही. शेवटपर्यंत त्या गोदामात सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय जेवल्या नाहीत, आणि तेही उभ्यानंच, कोल्डरूमच्या दाराला टेकून.

माझी मुलाखत हा एक स्वतंत्र फजितीचा विषय आहे. मी त्याआधी सिन्नरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. कारखाना बंद पडला. त्यात माझा हात नव्हता, असं मी आजही सांगतो, आणि आजही माझी बायको नुसती माझ्याकडे बघत राहते. तर मी इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकिटांची फाईल काखेत मारून अक्कांसमोर उभा राहिलो. त्यांनी फाईल घेतली आणि टेबल हलत होतं त्याच्या पायाखाली सरकवली. दुपारची वेळ होती. ड्रायव्हर रशीदभाई आणि तिघं-चौघं हमाल खोकी उलगडून त्यावर ओळीनं जेवायला बसले होते. अक्कांनी भाताचं पातेलं माझ्या हातात दिलं. "वाढ."

मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली. पहिला झाला, दुसरा झाला. तिसरा हमाल पाठ फिरवून फोनवर बोलत होता, म्हणून मी त्याला ओलांडून चौथ्याकडे गेलो.

"मधलं पान सोडलंस," मागून आवाज आला.

"अहो, ते फोनवर आहेत."

"फोन कानाला हाय. पोटाला नाय."

मी परत येऊन वाढलं. शेवटच्या ताटापर्यंत पोचलो तेव्हा घामानं शर्टाची इस्त्री गेली होती आणि नोकरीही गेली असं मी धरून चाललो होतो. फाईल मागितली तर अक्का म्हणाल्या, "राहू दे, टेबल आता हलत नाय. उद्यापासून ये. भात सांडला नाय तू. पान सोडायची खोड मोडता येते, सांडणारा हात नाय सुधारत." त्या दिवसापासून मी त्यांचा 'सिन्नरकर'. माझी सर्टिफिकिटं अजूनही त्याच टेबलाखाली आहेत, आणि माझ्या शिक्षणाचा एवढा ठोस उपयोग दुसरा कुठं झालेला नाही.

गिऱ्हाइकांचा रूट म्हणजे अक्कांच्या लेखी पंगतच होती. गंगापूर धरणाकडचं ते बडं रिसॉर्ट असो, कॉलेज रोडचा कॅफे असो, नाहीतर वस्तीतल्या दोन खोल्यांत केक करणारी बाई असो, सगळे एका ओळीत बसलेले. थोरल्या पानाला थोरली वाढ, धाकट्याला धाकटी. पण पहिली वाढ सगळ्यांची झाल्याशिवाय दुसरी कुणालाच नाही. आज ज्या टोकापासून सुरू केलं, पुढच्या वेळी त्याच्या उलट्या टोकापासून. "शेवटच्या माणसाला रोज गार भात मिळाला तर तो काय म्हणंल?" मी म्हणालो, "अक्का, आपला माल गारच असतो." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वतःच कोल्डरूममध्ये जाऊन उभा राहिलो.

आणि आग्रह करायचा नाही. हे मला फार जड गेलं. सेल्समननं आग्रह करायचा नाही म्हणजे कीर्तनकारानं टाळ वाजू द्यायचे नाहीत. पण अक्कांचा हिशेब सरळ होता. "आग्रह नुकतीचा करावा, क्रीमचा नाय. नुकती जास्त झाली तर माणूस झोपतो. क्रीम जास्त झालं तर त्याच्या फ्रिजात नासतं, आणि मग तो आपल्याला आठवत बसतो."

प्रत्येक खोकं टेम्पोतून उतरलं की त्या ते गालाला लावून बघायच्या. थर्मामीटर होता, भिंतीवर टांगलेला होता, पण विश्वास गालावर. रशीदभाई म्हणायचे, "अक्का, इतना लाड तो मैंने घरवाली का भी नहीं किया." अक्का खोक्यावरून गाल न उचलता म्हणायच्या, "म्हणून तर तुझ्या घरात सारखं तापलेलं असतं."

गालाचं महत्त्व मला पटलं ते माझ्याच गाढवपणानं. संगीताताई म्हणून आमच्या एक गिऱ्हाईक होत्या. नाशिकरोडकडच्या बौद्ध वस्तीत राहायच्या, घरच्या घरी केक करायच्या, आणि फोनवर कधीही आवाज चढवायच्या नाहीत. एकदा टेम्पो घाटात अडकला म्हणून त्यांचं खोकं मी मोटारसायकलवर बांधून निघालो. वाटेत मित्राचा साखरपुडा होता. पाचच मिनिटं म्हणून थांबलो. साखरपुड्यातली पाच मिनिटं म्हणजे काय असतात ते तुम्हाला सांगायला नको. मी दोन वेळा जेवलो आणि एका गटात फोटोही काढला. गाडी उन्हात. संध्याकाळी संगीताताईंचा फोन: "दादा, क्रीम फेटलं, पण ते उभंच राहत नाहीये. लोणी सुटलं."

अक्का दुसरं खोकं घेऊन स्वतः संगीताताईंकडे गेल्या आणि येताना ते सगळं लोणी डब्यात भरून घेऊन आल्या. पुढं कित्येक दिवस दुपारी माझ्या ताटात भाकरी आणि त्यावर लोण्याचा गोळा. "खा. फ्रान्सचं हाय." तोंडाला लोणी या शब्दाचाही कंटाळा आला तेव्हा कुठं डबा संपला. वजन वाढलं, पण गाडी सावलीत लावायची कायमची सवय लागली.

एका एप्रिलमध्ये मात्र खरीच गोची झाली. कंटेनर बंदरात अडकला. वेष्टनावरच्या लेबलात काहीतरी त्रुटी निघाली होती, आणि ती दूर होईपर्यंत बंदरातून एक पाकीटही हलणार नव्हतं. नेमकी लग्नसराई. रिसॉर्टवर एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीचं दणदणीत लग्न. त्याच आठवड्यात जयंती, आणि संगीताताईंच्या वस्तीतल्या महिला मंडळानं पहिल्यांदाच बाहेरच्या बेकरीकडून न घेता स्वतः केक करायचं ठरवलेलं. सगळ्या वस्तीला पुरेल असा, निळा. संगीताताईंनी मला दोनदा फोन करून विचारलं होतं, "दादा, मिळेल ना?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काळजी होती. "सगळ्यांना मीच सांगितलंय, आपल्याला जमेल म्हणून." आणि आमच्या कोल्डरूममध्ये भिंत दिसायला लागली होती.

अशा वेळी अक्कांनी मला रिसॉर्टवर नुसती चौकशी करायला पाठवलं. तिथले मॅनेजर कायम कोट घालायचे. एप्रिलात गरम कपडे घालणारी नाशकात दोनच माणसं, एक अक्का आणि दुसरे हे. त्यातल्या एकाच्या कपड्यांना कारण होतं. त्यांनी मला एसीत बसवलं, वर क्रीमचा डोंगर असलेली कोल्ड कॉफी मागवली, आणि म्हणाले, "सर, जेवढा स्टॉक असेल तेवढा सगळा आम्हालाच पाहिजे." मला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं. सिन्नरच्या कारखान्यात मी सुपरवायझर असूनसुद्धा लोक मला 'ओ' म्हणायचे. मी कॉफीचा घोट घेतला, मिशीला क्रीम लागलं, आणि त्या रुबाबदार अवस्थेत मी म्हणालो, "होऊन जाईल, सर."

गोदामात येऊन हे सांगितलं तेव्हा अक्का फणकाऱ्यानं एकदम माहेरच्या बोलीवर गेल्या. "येडा शे का तू?" त्या अहिराणीत बोलायला लागल्या की रशीदभाई हळूच टेम्पोत जाऊन बसायचे. "सगळ्यांची पहिली वाढ झाली?"

"नाही."

"मग पातेलं घेऊन एकाच्याच पुढ्यात उपडं करायला तुला सांगितलं कोणी?"

"तो मला सर म्हणाला, अक्का."

"मीही म्हणते. सर, आता फोन करा आणि नाय म्हणा."

मी फोन केला. मॅनेजरांनी मला परत 'सर' म्हटलं नाही. तासाभरात भिवंडीहून आयातदाराच्या माणसाचा फोन आला, फोन स्पीकरवर होता म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकला. रिसॉर्ट हे नाशिकचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, ते तुटलं तर एजन्सी अक्कांकडे ठेवायची की नाही याचा विचार करावा लागेल, असं तो गोड आवाजात म्हणाला. अक्का "बरं" म्हणाल्या. फोन ठेवला, कोल्डरूममध्ये गेल्या आणि बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. मी दार किलकिलं करून पाहिलं. एका पालथ्या क्रेटवर बसल्या होत्या, दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. एवढी बाई मला अचानक लहान दिसली.

"अक्का, देऊन टाकू या का त्यांना? एजन्सी गेली तर?"

"तर परत पंगतीत वाढायला जाईन. हात हायेत." मग ते बाह्यांतून बाहेर काढत म्हणाल्या, "पण लोकांची पानं ओलांडून एकाला वाढलं, तर मग वाढायला तरी कुठल्या तोंडानं जाऊ? दार लाव, गारवा चाललाय."

त्या उठल्या आणि त्यांनी वाटप केलं. प्रत्येकाला नेहमीपेक्षा निम्मं, पण प्रत्येकाला. रिसॉर्टचं पान थोरलं, म्हणून त्याची वाढही थोरली. ती घेऊन मीच गेलो. मॅनेजरांनी खोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढंच? घेऊन जा परत. मी माझं मुंबईहून मागवतो." मी परत घेऊन आलो.

आता माझं डोकं चाललं. परत आलेली खोकी! वाटेतच मी कॉलेज रोडच्या कॅफेवाल्याला फोन करून टाकला, या, घेऊन जा, तुमचं नशीब. तो रिक्षा करून गोदामावर हजर झाला. अक्का कोल्डरूमच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"ते रिसॉर्टचं पान हाय."

"अक्का, ते पानावरून उठून गेलेत."

"पंगत उठली का?"

"पंगत... नाही."

"मग पान उचलायचं नसतं. लग्न झालं की उचल."

कॅफेवाल्याला मी उसाचा रस पाजून परत पाठवला. रिक्षाचं भाडंही मीच दिलं, हे जाता जाता सांगतो. कुणी भरपाई दिलेली नाही.

जयंतीला सकाळीच संगीताताई आणि मंडळाच्या दोघी गोदामावर केक घेऊन आल्या. निम्म्या क्रीममध्ये त्यांनी केकचा एक थर कमी केला होता. "उंची कमी केली अक्का, रुंदी नाही," संगीताताई म्हणाल्या. "रात्री बारालाच कापला. लोक म्हणाले, बुटका झाला. पण शेवटच्या पोरापर्यंत तुकडा गेला." अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ. ही न शिकवता आली." मी केक खाण्यात गुंतलो असल्यामुळे टोमणा मला लागला नाही.

रिसॉर्टवरचं लग्नही त्याच दिवशी होतं. आम्ही सगळे निळे ओठ घेऊन बसलो असताना माझा फोन वाजला. मॅनेजर. मुंबईचं क्रीम आलं होतं, पण साध्या गाडीच्या डिकीतून, कसारा घाटातल्या ट्रॅफिकमध्ये ताटकळत, एप्रिलच्या उन्हात. शेफ सकाळपासून फेटत होता आणि ते उभं राहत नव्हतं. आता गार करत ठेवलं तरी उद्यापर्यंत वाट पाहावी लागणार, आणि वरात दारात आली होती. "अहो," ते म्हणाले, 'सर'ही नाही आणि नावही नाही, "काही आहे का हो तुमच्याकडे?"

माझ्या अंगात काय संचारलं म्हणून सांगू! टेम्पोत बसल्यापासून मी मनात टोमणे रचायला घेतले. रशीदभाईंनीही दोन-तीन सुचवले, त्यातला एक शेर होता. अक्का मधे बसल्या होत्या. त्यांनी गंगापूर रोडला लागल्यावर एवढंच सांगितलं, "तोंड उघडायचं नाय कुणी. भुकेल्याला टोमणा वाढायचा नसतो." आम्ही दोघांनी सगळी तयारी गिळली. रशीदभाईंचा शेर तर खरंच चांगला होता.

मॅनेजर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभे होते. कोट नव्हता. बाह्या वर सरकवलेल्या, कपाळावर घामाच्या धारा. अक्कांनी खोकं उतरवलं, सवयीनं स्वतःच्या गालाला लावलं, आणि मग त्यांच्यापुढं धरलं. "बघा, गार हाय ना?" तो माणूस एक क्षण गांगरला. मग लहान मुलासारखा वाकला आणि त्यानं गाल खोक्याला टेकवला. डोळे मिटले. मला वाटतं, त्या दिवशी त्याला मिळालेला तो पहिला गारवा असावा.

"हे कुठलं?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच. मांडून ठेवलं होतं."

क्रीम सगळ्या काउंटरांना पुरणारं नव्हतंच. शेफनं एक गोड पदार्थ रद्द केला, दुसऱ्यावर नुसता एकेक ठिपका दिला, आणि आमरसाची पातेली पुढं आणली. कुणी तक्रार केली नाही. एप्रिलात आमरसासमोर फ्रान्सची काय टाप! अक्का दारातून बुफेची रांग बघत होत्या. हातात ताट घेतलेली माणसं एकमेकांना ढकलत पुढं सरकत होती. "ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं," त्या पुटपुटल्या. "मग मधलं पान कोण बघणार?"

पुढं कंटेनर सुटला. मॅनेजरांनी स्वतःहून भिवंडीला फोन केला असावा, कारण एजन्सीचा 'विचार' करायचं परत कुणी बोललं नाही. रिसॉर्ट ओळीत राहिलं. दर दुसऱ्या फेरीला ते शेवटून पहिलं यायचं आणि मॅनेजर निमूट वाट बघायचे.

अक्कांनी धंदा सोडला तो गुडघ्यांमुळे. डॉक्टरांनी सांगितलं, गारठा बंद. त्यांच्या भाचीचं घर कळवणला आहे, अंगणात ऊनच ऊन. "आयुष्यभर गारठ्यात राहिले, आता वाळवण घालते स्वतःचं," म्हणाल्या, आणि मजेत निघायच्या तयारीला लागल्या. एजन्सी आता मी आणि रशीदभाई चालवतो. मी अजून आग्रह करतो, खोटं कशाला बोलू. पण पहिली वाढ सगळ्यांना गेल्याशिवाय दुसरी देत नाही. टोक उलटं करायला विसरलो तर रशीदभाई गाडी सुरूच करत नाहीत.

जायच्या आधी अक्कांनी सगळ्या गिऱ्हाइकांना गोदामात जेवायला बोलावलं. वैशाख होता. खोकी उलगडून अंथरली, त्यावरच्या फ्रेंच अक्षरांवर सगळे ओळीनं बसले. मेनूत क्रीमचा थेंब नव्हता. वांग्याची भाजी, वरणभात, आणि कळवणहून आलेली नुकती. अक्कांनी सकाळीच नुकतीचं पातेलं माझ्या हातात दिलं होतं. "आज तू वाढ. पुढं तू, मागं रशीद."

"आणि तुम्ही?"

"मी बघते माझं."

मला वाटलं, नेहमीप्रमाणे कोल्डरूमच्या दाराला टेकून बघत असतील. पाठीवर ती नजर आहे असं धरून मी काळजीपूर्वक एकेक पान पुढं सरकत होतो. कॅफेवाला झाला. संगीताताई झाल्या. त्यांच्या शेजारी पांढऱ्या सुती साडीतली एक बारीक म्हातारी मान खाली घालून मीठ सारखं करत होती. असतील संगीताताईंच्या सासूबाई. मी डाव घालायला वाकलो, तेवढ्यात तिच्या पलीकडून मॅनेजर हसून म्हणाले, "सर, इकडे!"

इतक्या वर्षांनी सर! मी थेट त्यांच्यापुढं गेलो. भरघोस वाढली.

"सिन्नरकर, मधलं पान सोडलंस."

आवाज पाठीमागून आला नव्हता, शेजारून आला होता. मी वळलो. ती म्हातारी माझ्याकडे बघत होती. अंगात स्वेटर नव्हता. अक्कांचे दंड, कोपरं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. वर्षानुवर्षं ऊन न लागलेली, कोवळी दिसणारी. सबंध ओळ हसायला लागली, मॅनेजर सगळ्यात जोरात. मला मात्र हसता येईना.

"मला वाटलं, तुम्ही उभ्या असाल," मी म्हणालो.

"लय उभी राहिले," अक्का म्हणाल्या. "पहिल्या पंगतीला बसायचं तेवढं राहिलं होतं."

मी त्यांच्या पानावर नुकती वाढली. हात हलला आणि अर्धी फ्रान्सच्या अक्षरांवर सांडली.

"आता सांडायलाही लागलास?"

"अक्का, अजून घ्या थोडी."

"आग्रह करतोस?"

"नुकतीचा करावा, तुम्हीच सांगितलंय."

पंगतीत पुरे झालं की माणूस पानावर हात आडवा धरतो. अक्कांनी हे आयुष्यभर इतक्या लोकांना करताना पाहिलं होतं. त्यांनी सवयीनं उजवा हात उचलला, पानावर नेला, क्षणभर तसाच धरला. मग बाजूला घेतला आणि म्हणाल्या,

"वाढ."